चाळीस तोफांची 'वॉरियर' आणि एकशे एकतीस तोफांचं जहाज: वाफेच्या युद्धनौकांचे रेट कसे ठरत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८५२ मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन'वर १३१ तोफा होत्या आणि ती फर्स्ट रेट होती. आठ वर्षांनी आलेल्या 'वॉरियर'वर फक्त ४० तोफा. ती 'फ्रिगेट' म्हणवली गेली आणि तिचा रेट तिसरा. तरीही वॉरियरने आधीचं सगळं आरमार जुनं करून टाकलं, असं जो तो सांगतो. मग रेट नेमका मोजत काय होता?

मी नौदलात बॉयलर रूममध्ये उमेदवारी केली, वाफेवरच्या फ्रिगेटवर बरीच वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर जुन्या जहाजांच्या नोंदी लावण्याच्या कामात आहे. या कामात हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. एका ओळीतलं उत्तर असं: रेट म्हणजे जहाजाच्या ताकदीचं प्रमाणपत्र नव्हे, ती आस्थापनेची पायरी होती. जहाजावर किती माणसं, त्यांना किती रसद, कप्तान कोणत्या हुद्द्याचा आणि त्याला पगार किती, हे रेटवरून ठरे. शिडांच्या काळात तोफा मोजल्या की या सगळ्याचा अंदाज यायचा, म्हणून तोफा मोजत. वाफ आली आणि तोफा व आकार यांचं नातं तुटलं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं प्रत्येक आरमार नवी मोजपट्टी शोधत राहिलं.

शिडांच्या काळातली मोजणीसुद्धा वाटते तेवढी सरळ नव्हती. ढोबळ मानाने शंभर किंवा जास्त तोफा म्हणजे फर्स्ट रेट आणि वीस ते अठ्ठावीस म्हणजे सिक्स्थ रेट. त्याखालच्या स्लूप वगैरे बिनरेटच्या. पण आखूड, रुंद तोंडाच्या 'कॅरोनेड' तोफा बराच काळ या हिशेबात धरतच नसत. १८१७ पासून त्या मोजायला लागले आणि एका दिवसात शेकडो जहाजांचे आकडे फुगले. आपल्या मुंबईच्या गोदीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १८१७ मध्ये वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली. ती ज्या नमुन्याची होती, त्या फ्रिगेटना आधी ३८ तोफांच्या म्हणत, नव्या मोजणीत त्याच ४६ तोफांच्या झाल्या. लाकूड तेच, तोफा त्याच, आकडा वेगळा. १८४० च्या दशकात हीच त्रिंकोमाली वरून कापून २६ तोफांची कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौका, केली गेली आणि सहाव्या रेटमध्ये गेली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. यादीत दिसणारा आकडा कोणत्या सालचा, हे आधी विचारायची सवय मला तिच्यामुळे लागली.

आता आगबोटी. पहिल्या आगबोटी आरमारात आल्या त्या ओढकाम करायला. वारा नसला की मोठ्या जहाजाला बंदराबाहेर काढणं, डाक पोचवणं, हे त्यांचं काम. त्यांना कुणी रेट दिला नाही, 'स्टीम व्हेसल' एवढंच लिहीत. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली, तेव्हा कोळसा मावेना म्हणून केबिनींमध्येसुद्धा तो भरला होता. असं जहाज तोफांच्या तक्त्यात कुठे बसवायचं?

खरी पंचाईत झाली ती आगबोटी लढाऊ झाल्यावर. पॅडलची दोन भली मोठी चाकं जहाजाच्या बरोबर मध्यावर, दोन्ही कुशींना. म्हणजे जिथे तोफांची रांग असायची, नेमकी तीच जागा चाकांनी खाल्ली. आत इंजिन आणि बॉयलर, त्यांच्याभोवती कोळसा. उरलं काय, तर पुढचं आणि मागचं टोक. तिथे थोड्याच तोफा बसत, पण त्या चांगल्या दांडग्या, चकतीवर फिरणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना मारा करणाऱ्या ठेवता येत. १८३९ ची 'सायक्लॉप्स' पाहा. तिला स्टीम फ्रिगेट म्हणत, पण तोफा अवघ्या सहा. त्याच वेळच्या शिडाच्या फ्रिगेटवर त्या चाळीस-पन्नास असायच्या. जुना तक्ता लावला असता तर सायक्लॉप्स स्लूपच्याही खाली गेली असती आणि तिच्यावर ज्येष्ठ कप्तान नेमता आला नसता. पण जहाज मोठं, यंत्रं महाग, माणसं भरपूर. म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४० च्या दशकात आगबोटींची वेगळी उतरंड लावली: पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या स्टीम फ्रिगेट, मग स्लूपचे वर्ग, मग गनव्हेसल. वरच्या पायऱ्यांवर कॅप्टन, स्लूपवर कमांडर, सगळ्यात खाली लेफ्टनंट.

वाचणारे नेमके इथे अडखळतात. आपण समजतो की जहाज फ्रिगेट होतं म्हणून त्याच्यावर कॅप्टन आला. पुष्कळदा उलटं घडे. कमांडर असताना स्लूप म्हणून लिहिलेलं जहाज, कॅप्टन नेमला गेला की कॉर्व्हेट म्हणून लिहिलं जाई. जहाजाचा एक खिळाही हललेला नसे. एकच नाव दोन यादींत दोन वर्गांत दिसलं, तर छपाईची चूक समजू नका, आधी कप्तानाचा हुद्दा पाहा.

मुंबईच्या गोदीतून याच काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीसाठी पॅडलच्या मोठ्या स्टीम फ्रिगेट निघाल्या. १८५४ च्या 'असाये' आणि 'पंजाब' त्यांतल्या शेवटच्या थोर जहाजांपैकी. तोफा मोजक्या आणि अवजड, बांधणी अस्सल सागाची. १८६३ मध्ये इंडियन नेव्ही मोडल्यावर 'पंजाब' विकली गेली, तिचं इंजिन काढून टाकलं आणि 'द ट्वीड' नावाने ती शिडाचं व्यापारी जहाज म्हणून इतकी वेगाने धावली, की तिच्या मालकाने पुढे 'कटी सार्क' बांधवताना तिच्याच हलचा, म्हणजे जहाजाच्या धडाचा, नमुना डोळ्यांसमोर ठेवला. त्याच गोदीत १८२१ मध्ये बांधलेली 'गँजेस' ८४ तोफांची होती. तोफांच्या तक्त्यात 'पंजाब' तिच्या पासंगालाही पुरली नसती. वाऱ्याविना अडकलेल्या 'गँजेस'ला ओढून मात्र तिने नेलं असतं.

पंखा आला, म्हणजे स्क्रू प्रोपेलर, आणि काही काळ सगळं पुन्हा सोपं झालं. एप्रिल १८४५ मध्ये पंख्याच्या 'रॅटलर'ने पॅडलच्या 'अलेक्टो'ला शेपटाशेपटीने बांधून सुमारे अडीच नॉट वेगाने उलटं ओढत नेलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या मते ओढाओढीपेक्षा मोठी गोष्ट ही की पंखा पाण्याखाली गेला आणि जहाजाच्या कुशी तोफांसाठी पुन्हा मोकळ्या झाल्या. फ्रान्सने १८५० मध्ये ९० तोफांचं 'नेपोलियन' उतरवलं, ब्रिटनने १८५२ मध्ये ९१ तोफांची 'अ‍ॅगॅमेम्नॉन'. तोफांचे मजले पूर्वीसारखेच, फक्त पोटात इंजिन. त्यामुळे जुना तक्ता परत लागू पडला. 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' याच लाटेतली. ती मुळात शिडासाठी आखलेली, बांधता बांधता दोन ठिकाणी कापून लांब केली आणि दुसऱ्या जहाजासाठी केलेलं इंजिन तिच्यात बसवलं.

तरी आगबोटींचा घोळ उरलाच होता. १८५६ मध्ये ब्रिटिशांनी नियम बदलला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आता फर्स्ट रेट म्हणजे ११० किंवा जास्त तोफा, *किंवा* एक हजार किंवा जास्त माणसं. सेकंड रेट म्हणजे ८० च्या वर तोफा किंवा ८०० ते १००० माणसं. थर्ड रेट म्हणजे ६० ते ८० तोफा किंवा ६०० ते ८०० माणसं. त्याखाली फ्रिगेटांचा चौथा आणि पाचवा रेट तर सरळ माणसांवरच ठरवला. एक राजनौकाही थेट दुसऱ्या रेटमध्ये धरलेली होती. तिच्यावर तोफा नावापुरत्या, पण तिच्या कप्तानाचा मान आणि पगार त्या पायरीचा हवा होता.

आता वॉरियर या नियमात बसवून पाहा. तोफा ४०, माणसं सातशेच्या थोडी वर. तोफांनी ती थर्ड रेटच्या जवळपासही जात नाही, माणसांनी बरोबर तिसऱ्या रेटमध्ये बसते. आणि 'फ्रिगेट' का? कारण तो शब्द आकाराबद्दल किंवा ताकदीबद्दल नव्हता, बांधणीबद्दल होता. बंदिस्त तोफांचा एकच मजला असला की फ्रिगेट. दोन-तीन मजले असले की 'शिप ऑफ द लाइन'. वॉरियरची लांबी चारशे फुटांच्या पुढे, विस्थापन नऊ हजार टनांच्या वर आणि कुशीला साडेचार इंच जाडीचं लोखंड. त्या लोखंडामागे अठरा इंच साग. पण तोफांचा मजला एक, म्हणून फ्रिगेट. फ्रेंचांचंही तसंच. १८५९ ची 'ग्लोआर' त्यांच्या लेखी 'चिलखती फ्रिगेट'. त्यांनीच १८६१ मध्ये 'सोल्फेरिनो' आणि 'माजेंटा' ही दोन मजली चिलखती जहाजं उतरवली आणि त्यांना मात्र फ्रिगेट न म्हणता 'व्हेसो' म्हटलं, म्हणजे रांगेत लढणारं जहाज.

वॉरियरवर सातशे माणसं का लागत, हेही समजून घेण्यासारखं आहे. तिला इंजिन होतं तशी पूर्ण शिडंही होती. लांबच्या प्रवासात कोळसा वाचवायला शिडं उभारायची, तेव्हा पंख्याची ओढ नको म्हणून तो विहिरीतून बादली ओढावी तसा वर ओढून घ्यायचा. दोरांना लागायची सहाशेच्या घरातली माणसं. धुराडी दुर्बिणीसारखी खाली सरकवायची, नाहीतर शिडांचा वारा अडतो. 'धुराडं वर, पंखा खाली' ही त्या काळची आज्ञाच होती. खाली दहा बॉयलर, त्यांच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे स्टोकर वेगळेच. मी ज्या फ्रिगेटवर होतो तिथे समुद्रात निघायच्या कितीतरी तास आधी आम्ही बॉयलर फ्लॅश-अप करायला, म्हणजे पेटवून वाफ धरायला, खाली उतरायचो, आणि तिथे कोळसा नव्हता, तेल होतं. कोळशाच्या चाळीस भट्ट्या आणि वर सहाशे माणसांची दोरखेच, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की माणसांवर रेट ठरवणाऱ्यांचं म्हणणं पटतं. जहाज चालवायला खर्च किती, हे त्या आकड्यातच दिसतं.

याद्यांमध्ये तोफांशेजारी आणखी एक आकडा असतो: हॉर्सपॉवर. तो जसाच्या तसा खरा धरू नका. १८६० च्या आसपासचा आकडा 'नॉमिनल' हॉर्सपॉवरचा असतो, म्हणजे नावापुरता. सिलिंडरचं क्षेत्रफळ, दट्ट्याचा ठरलेला वेग आणि वाफेचा दाब सरसकट ७ पाउंड प्रति चौरस इंच, यांचा गुणाकार करून ३३,००० ने भागायचं. सात पाउंड हा दाब फार जुन्या इंजिनांचा. वॉरियरच्या बॉयलरमध्ये तो वीसच्या घरात होता. म्हणून तिची नॉमिनल शक्ती १,२५० आणि चाचणीत प्रत्यक्ष मोजलेली 'इंडिकेटेड' शक्ती ५,२०० च्या वर. चौपटीहून जास्त फरक! आमच्या लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटवर दाब ५५० पाउंड होता. तो जुना हिशेब तिथे लावला तर आकडा हास्यास्पद निघेल.

इंडिकेटेड शक्ती कशी मोजत, हे लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकताना आम्हाला समजावलं होतं. सिलिंडरला एक लहानशी नळी जोडायची. तिच्यातली स्प्रिंग वाफेच्या दाबाने वरखाली होते आणि पेन्सिल फिरत्या कागदावर एक बंद आकृती काढते, साधारण बुटाच्या आकाराची. त्या बुटाचं क्षेत्रफळ म्हणजे दट्ट्याच्या एका फेरीत झालेलं काम. हातात मावेल एवढा कागद, पण इंजिन खरं किती बोलतं ते त्याच्यावर उमटतं. पुढे याद्यांमध्ये हाच आकडा येऊ लागला. म्हणून १८६० ची आणि १८८० ची हॉर्सपॉवर शेजारी ठेवून 'वीस वर्षांत शक्ती पाचपट झाली' असं लिहिणं चूक आहे. त्यातली बरीचशी वाढ मोजपट्टी बदलल्याची असते.

टनांचंही तेच. जुने टन 'बर्दन' म्हणजे मालाच्या जागेचे: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा, गुणिले रुंदी, गुणिले अर्धी रुंदी, भागिले ९४. त्यात जहाजाच्या वजनाचा संबंधच नाही. लोखंडी चिलखत चढवलं तरी हा आकडा हलत नाही. विस्थापनाचे टन, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, १८७० च्या दशकात सर्रास वापरात आलं.

अमेरिकेची वाट थोडी निराळी. त्यांच्या कायद्याने चाळीस किंवा जास्त तोफांच्या आगबोटी पहिल्या रेटच्या, वीस ते चाळीस दुसऱ्या, त्याखालच्या तिसऱ्या. पहिल्या वर्गाला राज्यांची नावं, दुसऱ्याला नद्यांची आणि शहरांची. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत उत्तरेची 'मॉनिटर' उभी राहिली ती दोन तोफा घेऊन. आदल्या दिवशी दक्षिणेच्या चिलखती 'व्हर्जिनिया'ने 'कंबरलंड' आणि 'काँग्रेस' ही तोफांनी भरलेली लाकडी जहाजं नष्ट केली होती. दोन तोफांच्या जहाजाने तिला थोपवलं. तोफांच्या संख्येचा तक्ता त्या दोन दिवसांत संपला, असं मी मानतो, कागदावर तो कितीही वर्षं टिकला असो. त्याच वर्षी अमेरिकेने जहाजांचे चार वर्ग थेट हुद्द्यांशी बांधले: पहिल्यावर कमोडोर, मग कॅप्टन, मग कमांडर, मग लेफ्टनंट-कमांडर. ब्रिटिश जे आडून करत होते ते अमेरिकेने उघड लिहिलं.

ब्रिटिशांची १८७१ ची 'डिव्हास्टेशन' शिडांविना उतरली. दोन टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, आणि चार तोफा, प्रत्येकी ३५ टनांची. शिडं नाहीत म्हणजे दोर ओढणारी माणसंही नकोत. १८५६ च्या नियमाचा दुसरा आधारही गेला: तोफा चार आणि माणसं वॉरियरच्या सुमारे निम्मी, तरी जगातलं सगळ्यात भयंकर जहाज. मग उरलं काय मोजायला? विस्थापन, चिलखत, वेग आणि काम.

१८८० च्या दशकात ब्रिटिशांनी फ्रिगेट, कॉर्व्हेट हे शब्द मोठ्या जहाजांवरून काढले आणि 'बॅटलशिप' व 'क्रूझर' आणले, दोन्हींचे पहिला-दुसरा-तिसरा असे वर्ग. क्रूझरमध्ये आणखी फोड: कुशीला चिलखताचा पट्टा असेल तर आर्मर्ड, नुसता पोलादी डेक असेल तर प्रोटेक्टेड. या डेकच्या वर, कुशीच्या आत कोळशाचे बंकर ठेवत. गोळा आला तर आधी कोळशात रुतावा म्हणून. कोळसा हे त्या जहाजांचं अर्धं चिलखत होतं. तेलावर गेल्यावर हा फायदा गेला, ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. १८७७ ची वेगवान 'आयरिस' आधी निरोप्या जहाज म्हणून नोंदली, मग दुसऱ्या वर्गाची क्रूझर झाली. वॉरियरही या फेरफारातून सुटली नाही: फ्रिगेट, मग तिसऱ्या वर्गाची बॅटलशिप, मग आर्मर्ड क्रूझर, मग टॉर्पेडो शाळेचा तरंगता भाग, आणि शेवटी 'ऑइल फ्युएल हल्क सी७७', म्हणजे तेल भरायचा धक्का. तिच्या लोखंडाने पन्नास वर्षं तो धक्का सांभाळला, म्हणूनच तिला हार्टलपूलला नेऊन दुरुस्त करता आलं आणि आज ती पोर्ट्समथला उभी आहे.

डिस्ट्रॉयरांचं वर्गीकरण मला सगळ्यात आवडतं. १८९० च्या दशकात ती वेगावरून ओळखत: '२७ नॉटवाली', '३० नॉटवाली'. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांनी त्यांना अक्षरं दिली. २७ नॉटवाली 'ए', आणि ३० नॉटवाली धुराड्यांवरून: चार धुराडी 'बी', तीन 'सी', दोन 'डी'. वेगवेगळ्या कारखान्यांनी आपापल्या मनाप्रमाणे बांधलेली ही जहाजं लांबून ओळखायची तर धुराडी मोजण्यासारखी दुसरी सोय नव्हती.

तोफा परत आल्या त्या १९२२ आणि १९३० च्या नौदल करारांत, पण संख्येने नाही, तोंडाच्या रुंदीने. १९३० च्या करारात क्रूझरवर ६.१ इंचाहून मोठ्या तोफा असल्या की एक गट, नाहीतर दुसरा. या करारांत 'स्टँडर्ड' विस्थापन ठरवताना इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वजनातून वगळलं होतं. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला ते पाणी किती जड असतं ते ठाऊक असतं, आणि ते वगळण्यावर किती भांडणं झाली असतील तेही उमगतं.

फ्रिगेट, कॉर्व्हेट, स्लूप हे शब्द दुसऱ्या महायुद्धापर्यंत परत आले, पण आता पाणबुड्यांविरुद्ध ताफे राखणाऱ्या जहाजांसाठी. आपल्याकडच्या 'सतलज', 'जमुना', 'कावेरी' या स्लूप म्हणून आल्या आणि नंतर फ्रिगेट म्हणून मोजल्या गेल्या. माझगाव गोदीत बांधून १९७२ मध्ये दाखल झालेली वाफेची 'निलगिरी'सुद्धा फ्रिगेटच. १८६० च्या फ्रिगेटशी तिचं नात्यात काही नाही, फक्त नाव एक.

तेव्हा तुमच्याकडच्या यादीत 'अ‍ॅगॅमेम्नॉन, ९१, स्क्रू, ६००' अशी ओळ दिसली की असं वाचा: ९१ म्हणजे तोफा, ६०० म्हणजे नॉमिनल हॉर्सपॉवर, रेट दुसरा, आणि वेग किंवा चिलखत याबद्दल ओळ काहीच बोलत नाही. 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' आणि 'वॉरियर' यांची तुलना करायची तर दोघींपुढे तोफांच्या जागी त्या-त्या वर्षीची माणसं लिहा, अकराशेच्या घरातली आणि सातशेच्या घरातली. पहिला आणि तिसरा रेट लगेच उलगडतो. त्यानंतर वेगळ्या स्तंभात लोखंडाची जाडी लिहा: एकीपुढे शून्य, दुसरीपुढे साडेचार इंच. हा स्तंभ १८६० च्या यादीत नव्हताच.